भोर, वेल्हे आणि चौथा रंग
चार रंगांच्या प्रमेयाची नवी सिद्धता शोधण्याचा नाद दीडशे वर्षांनंतरही का सुटत नाही?

खास प्रतिनिधी

पुणे जिल्ह्याचा तालुकावार नकाशा कोणत्याही शालेय पुस्तकात सापडतो. त्याची एक कोरी प्रत घ्यावी, पेन्सिलींचा डबा उघडावा आणि चौदाही तालुके असे रंगवावेत, की सीमेला सीमा लागून असलेल्या कोणत्याही दोन तालुक्यांना एकच रंग येणार नाही. अट एवढीच. प्रश्न असा, की डब्यातल्या किती पेन्सिली झिजवाव्या लागतील?

हा खेळ वाटतो तितका बाळबोध नाही. जगातील कोणत्याही सपाट नकाशाला चार रंग पुरतात, या साध्या विधानाने १८५२ पासून गणितज्ञांची झोप उडवली. १९७६ मध्ये ते सिद्ध झाले. पण ज्या रीतीने झाले ती रीत अनेकांच्या पचनी पडली नाही. म्हणूनच कागद-पेन्सिलीने तपासता येईल अशी छोटी, नवी सिद्धता शोधण्याचे प्रयत्न आजही चालू आहेत. त्यात विद्यापीठांतील प्राध्यापक आहेत, तसेच निवृत्त अभियंते आणि हौशी मंडळीही आहेत. यांपैकी बहुतेक प्रयत्न फसतात आणि ते ठरावीक दोन-तीन ठिकाणीच फसतात. ती ठिकाणे ओळखण्यासाठी आपल्या जिल्ह्याचा नकाशा फार उपयोगी पडतो.

हवेलीभोवतीचे कडे

नकाशाच्या मध्यावर हवेली तालुका आहे. पुणे शहर त्याच्या पोटात. हवेलीला वेढणारे तालुके वायव्येकडून घड्याळाच्या काट्याप्रमाणे मोजू या : मावळ, खेड, शिरूर, दौंड, पुरंदर, भोर, वेल्हे आणि मुळशी. मुळशीची सीमा पुन्हा मावळाला भिडते आणि कडे पूर्ण होते. हे आठही तालुके हवेलीला लागून आहेत आणि प्रत्येक जण आपल्या दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांना लागून आहे. (वेल्हे तालुक्याचे २०२५ मध्ये ‘राजगड’ असे नामांतर झाले. लोकांच्या तोंडी अद्याप जुनेच नाव असल्याने येथेही तेच ठेवले आहे. नाव बदलल्याने रंग बदलत नाही, ही गणिताची सोय.)

हवेलीला गुलाबी रंग दिला, की कड्यातील आठांपैकी कोणालाही गुलाबी चालणार नाही. मग मावळ पिवळा, खेड हिरवा, शिरूर पिवळा, दौंड हिरवा, पुरंदर पिवळा, भोर हिरवा, वेल्हे पिवळा, मुळशी हिरवा, अशी आलटून-पालटून रंगसंगती लावावी. आठ ही समसंख्या असल्याने शेवटचा हिरवा मुळशी पहिल्या पिवळ्या मावळाशी भांडत नाही. उरले बाहेरचे तालुके. आंबेगाव खेडला व शिरूरला लागून, म्हणून गुलाबी. त्याच्या पलीकडे जुन्नर हिरवा. बारामतीचे शेजारी दौंड आणि पुरंदर, म्हणून ती गुलाबी; इंदापूर पिवळे. पोटातल्या पुणे शहराला पिवळा द्यावा. संपूर्ण जिल्हा तीन रंगांत आटोपला. चौथ्या पेन्सिलीला हातही लागला नाही.

आता एक काल्पनिक बदल करू. समजा, उद्या शासनाने भोर आणि वेल्हे यांचा मिळून एकच तालुका केला. तालुके तेरा झाले, म्हणजे काम सोपे व्हायला हवे. घडते ते उलटेच. हवेलीभोवतीच्या कड्यात आता सात तालुके उरतात. सात ही विषमसंख्या. पिवळा, हिरवा, पिवळा, हिरवा, पिवळा, हिरवा इतके झाल्यावर सातवा तालुका एका बाजूला पिवळ्याला आणि दुसऱ्या बाजूला हिरव्याला भिडतो आणि हवेलीचा गुलाबी रंग तर त्याला वर्ज्यच आहे. चौथा रंग उघडल्यावाचून गत्यंतर नाही. म्हणजे राजगड-तोरण्याच्या मुलखातील एक तालुकासीमा पुणे जिल्ह्याला तीन रंगांत राखून आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

या उदाहरणातच पहिल्या आणि सर्वांत प्रचलित चुकीचे उत्तर दडलेले आहे. हौशी सिद्धतांपैकी पुष्कळशा असे सांगतात : सपाट कागदावर पाच प्रदेश असे काढता येत नाहीत, की त्यांतील प्रत्येक जण उरलेल्या चौघांनाही लागून असेल, सबब पाचवा रंग कधीच लागणार नाही. यातील पहिले विधान खरे आहे. ‘सबब’ मात्र खोटा आहे. भोर-वेल्हे एकत्र केलेल्या आपल्या नकाशातील हे आठ तालुके पाहा. परस्परांना लागून असलेले चार तालुके त्यांत कोठेही नाहीत. जास्तीत जास्त तीन, उदाहरणार्थ हवेली, दौंड आणि पुरंदर. तरीही चार रंग लागतात. सर्वांची परस्परांशी गाठ असणे हे जास्त रंग लागण्याचे एक कारण झाले. एकमेव कारण नव्हे. लांबून फिरून आलेले कडेही तेच काम करते. पाचव्या रंगाची गरज असे एखादे महाकाय, गुंतागुंतीचे कडे निर्माण करणार नाही, हे दाखवणे हाच खरा प्रश्न आहे आणि तो वरील युक्तिवादाने सुटत नाही. ज्येष्ठ गणितज्ञ ऑगस्टस डी मॉर्गन यांचाही सुरुवातीचा विचार याच दिशेने गेला होता. त्यामुळे हौशी माणसाला या चुकीबद्दल फार ओशाळण्याचे कारण नाही.

वकिलाची सिद्धता

प्रश्नाचा उगमही नकाशाच रंगवताना झाला. फ्रान्सिस गथ्री या तरुणाला इंग्लंडच्या परगण्यांचा नकाशा रंगवताना चार रंग पुरतात असे दिसले. त्याचा भाऊ फ्रेडरिक लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात डी मॉर्गन यांचा विद्यार्थी होता. त्याने गुरुजींना विचारले. गुरुजींनी २३ ऑक्टोबर १८५२ रोजी डब्लिनच्या हॅमिल्टन यांना पत्र लिहिले. हॅमिल्टन यांनी या रंगकामात रस दाखवला नाही. पुढे १८७८ मध्ये आर्थर केली यांनी लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या बैठकीत हा प्रश्न अद्याप सुटला आहे काय, अशी पृच्छा केली आणि प्रकरणाला जाग आली.

वर्षभरातच, १८७९ मध्ये, आल्फ्रेड केम्प या पेशाने वकील असलेल्या गृहस्थाने सिद्धता प्रसिद्ध केली. ती चुकीची निघाली, परंतु गणिताच्या इतिहासात इतकी फलदायी चूक क्वचितच झाली असेल. म्हणून तिच्यापाशी थोडे थांबणे आवश्यक आहे.

केम्प यांचा आरंभ असा. कोणत्याही सपाट नकाशात पाच किंवा त्याहून कमी शेजारी असलेला एक तरी प्रदेश असतोच. (शेजाऱ्यांची सरासरी सहापेक्षा कमी येते, हे ऑयलर यांच्या जुन्या सूत्रावरून निघते.) आता चार रंगांत न मावणारा नकाशा अस्तित्वात आहे असे क्षणभर समजू आणि अशा नकाशांपैकी सर्वांत लहान निवडू. त्यातील हा कमी शेजाऱ्यांचा प्रदेश पुसून टाकला, तर उरलेला नकाशा लहान असल्याने चार रंगांत रंगवता येईल. मग पुसलेला प्रदेश परत आणायचा आणि त्याच्यासाठी रंग शोधायचा. शेजारी तीनच असतील तर चौथा रंग मोकळा आहे. चार शेजारी असून चौघांना चार वेगळे रंग असतील तर अडचण येते.

येथे केम्प यांनी जी युक्ती लढवली, तिला आज ‘केम्प साखळी’ म्हणतात. समजा शेजारी क्रमाने लाल, हिरवा, निळा, पिवळा आहेत. लाल शेजाऱ्यापासून निघून केवळ लाल आणि निळ्या प्रदेशांवर पाय ठेवत जेथवर जाता येईल तेथवर जायचे. ही साखळी समोरच्या निळ्या शेजाऱ्यापर्यंत पोहोचत नसेल, तर साखळीतील लाल-निळ्याची अदलाबदल करायची. लाल शेजारी निळा होतो, कोणाशीही तंटा होत नाही आणि लाल रंग मोकळा होतो. साखळी पोहोचत असेल, तर तिची एक भिंत तयार होते. त्या भिंतीमुळे हिरव्या शेजाऱ्यापासून निघालेली हिरवी-पिवळी साखळी पलीकडच्या पिवळ्यापर्यंत जाऊच शकत नाही. मग अदलाबदल तिकडे करायची. युक्तिवाद निर्दोष आहे आणि देखणाही.

पाच शेजाऱ्यांच्या प्रसंगी मात्र घात झाला. तेथे लाल, हिरवा, पिवळा एकेकदा आणि निळा दोनदा येतो. निळा रंग मोकळा करायचा तर दोन्ही निळे शेजारी बदलावे लागतात, म्हणजे दोन अदलाबदली कराव्या लागतात. एक निळा-पिवळ्याची, लाल-हिरव्या भिंतीच्या आड. दुसरी निळा-हिरव्याची, लाल-पिवळ्या भिंतीच्या आड. प्रत्येक अदलाबदल एकट्याने सुरक्षित आहे. परंतु लाल रंग दोन्ही भिंतींत सामाईक असल्याने त्या भिंती एकमेकींना छेदू शकतात. मग एकास एक लागून असलेले एक पिवळे आणि एक हिरवे अंगण दोन्ही बाजूंच्या अदलाबदलीत एकाच वेळी निळे होऊन बसते. केम्प यांच्या हे लक्षात आले नाही. त्यांचा लेख वाचणाऱ्या कोणाच्याही आले नाही. तब्बल अकरा वर्षे!

१८९० मध्ये डरहॅमच्या पर्सी हीवूड यांनी २५ प्रदेशांचा एक नकाशा पुढे करून हे छिद्र दाखवले. नकाशा चार रंगांत रंगवता येतो. फक्त केम्प यांची रीत तेथे चालत नाही. हा भेद महत्त्वाचा आहे, कारण ‘सिद्धता चुकली’ म्हणजे ‘विधान चुकले’ नव्हे. हीवूड यांनी केम्प यांचेच हत्यार वापरून पाच रंग नक्की पुरतात हे मात्र सिद्ध केले आणि ती सिद्धता आज पदवीच्या वर्गात एका तासात शिकवता येते. याच सुमारास पीटर टेट यांची १८८० सालची सिद्धताही अपुरी असल्याचे पीटर्सन यांनी १८९१ मध्ये दाखवले.

नवी सिद्धता सापडल्याचा दावा आला, की जाणकार सर्वप्रथम तिला हीवूडच्या नकाशावर चालवून पाहतात. पुढे एरेरा यांनी १९२१ मध्ये १७ बिंदूंचे असेच अडेलतट्टू उदाहरण दिले आणि आता तर अवघ्या नऊ बिंदूंचीही उदाहरणे माहीत आहेत. (प्रत्येक प्रदेशाच्या जागी एक बिंदू मांडून शेजाऱ्यांचे बिंदू रेषेने जोडले, की नकाशाचा ‘प्रतलीय आलेख’ होतो, गणिती मंडळी याच भाषेत बोलतात.) ज्यांना हा नाद लागला आहे त्यांनी आपली रीत पाठवण्यापूर्वी या उदाहरणांवर स्वतः चालवून पाहावी. पुष्कळ टपालखर्च आणि मनस्ताप वाचेल.

यंत्राने दिलेला निर्वाळा

विसाव्या शतकातील प्रगती केम्प यांच्याच वाटेने झाली. फक्त ‘पाच शेजाऱ्यांचा प्रदेश’ या एका अडचणीच्या जागी प्रदेशांचे मोठमोठे पुंजके घेतले गेले. दोन गोष्टी साधायच्या होत्या. पहिली, पुंजक्यांची अशी यादी, की कोणत्याही नकाशात त्यांपैकी एक तरी सापडलाच पाहिजे. दुसरी, यादीतील प्रत्येक पुंजका असा, की तो असलेला नकाशा ‘सर्वांत लहान अपवाद’ असूच शकत नाही. बर्कहॉफ यांनी १९१३ मध्ये या कल्पनेला शिस्त लावली. फ्रँकलिन यांनी १९२२ मध्ये २५ प्रदेशांपर्यंतच्या नकाशांचा निकाल लावला. जर्मनीचे हाइन्रिश हेश यांनी यादी बनवण्याची नवी रीत दिली. यादी हजारोंच्या घरात जाणार हे दिसत होते आणि हाताने ते काम होण्यासारखे नव्हते.

अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाचे केनेथ अपेल आणि वोल्फगांग हाकेन यांनी १९७६ मध्ये, जॉन कॉख यांच्या साहाय्याने, सुमारे १,९०० पुंजक्यांची यादी संगणकाच्या मदतीने तपासून काढली. यंत्राचे बाराशे तास खर्ची पडले. विद्यापीठाच्या गणित विभागाने टपालाच्या शिक्क्यावर ‘चार रंग पुरतात’ अशी ग्वाही छापली. त्याच्या आदल्याच वर्षी मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’च्या एप्रिलच्या अंकात ११० प्रदेशांचा नकाशा छापून याला पाच रंग लागतात अशी थाप मारली होती आणि ती खरी मानून अनेक वाचकांनी पत्रे धाडली होती. असो.

विजयाचा आनंद मात्र अर्धाच होता. जी सिद्धता कोणताही माणूस ओळीमागून ओळ वाचून पडताळू शकत नाही, तिला सिद्धता म्हणावे काय? या प्रश्नावर तत्त्वज्ञही उतरले. चुका सापडल्याच्या अफवा उठत राहिल्या; अपेल आणि हाकेन यांनी १९८९ मध्ये सातशेहून अधिक पानांचे पुस्तक काढून सुधारित मांडणी दिली. पुढे रॉबर्टसन, सँडर्स, सेमोर आणि थॉमस या चौघांनी जुनी सिद्धता वाचून पडताळण्याचा प्रयत्न केला, तो सोडून दिला आणि स्वतःचीच नवी सिद्धता रचली. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या मांडणीत पुंजके ६३३ वर आले. संगणक मात्र सुटला नाही. २००५ मध्ये जॉर्ज गाँथिए यांनी ‘कॉक’ या तर्क-तपासणी प्रणालीत संपूर्ण सिद्धता पायरी-पायरीने उतरवली. त्यानंतर प्रमेयाच्या सत्यतेविषयी शंका घेण्यास फारशी जागा राहिली नाही. खटकत राहिले ते वेगळेच : चार रंग पुरतात हे कळले, का पुरतात हे तितकेसे कळले नाही. प्रस्तुत प्रतिनिधीच्या मते नव्या सिद्धतेचा शोध घेणाऱ्यांची खरी कैफियत हीच आहे आणि तिच्यात तथ्य आहे.

श्रीखंडे यांचा आलेख

या विषयाच्या वेशीवर एक ठळक मराठी नाव उभे आहे. शरच्चंद्र शंकर श्रीखंडे (१९१७-२०२०) यांचा जन्म मध्य प्रदेशातील सागरचा, शिक्षण नागपूरचे आणि पुढे मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाची धुरा त्यांनी दीर्घकाळ वाहिली. राजचंद्र बोस आणि अर्नेस्ट पार्कर यांच्यासमवेत त्यांनी १९५९ मध्ये ऑयलर यांची १७८२ सालची एक प्रसिद्ध अटकळ खोटी ठरवली. विशिष्ट आकाराचे, एकात एक गुंफलेले ‘लॅटिन चौरस’ असूच शकत नाहीत, असे ऑयलर यांनी म्हटले होते. या तिघांनी ते करून दाखवले. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ही वार्ता पहिल्या पानावर घेतली. पावणेदोनशे वर्षे लोक जे खरे धरून चालले होते ते दोन आणि सहा या आकारांपुरतेच खरे निघाले. चार रंगांच्या विधानाचेही असेच होणार नाही, याची १९७६ पूर्वी कोणाला खात्री होती?

त्याच वर्षी श्रीखंडे यांनी अभ्यासलेला १६ बिंदूंचा एक आलेख आज जगभर ‘श्रीखंडे आलेख’ म्हणून ओळखला जातो. त्यातील प्रत्येक बिंदूला नेमके सहा शेजारी आहेत. सपाट कागदावर असा आलेख रेषा न छेदता काढता येणार नाही, कारण वर पाहिल्याप्रमाणे तेथे कोणाला तरी पाच किंवा कमी शेजारी असावेच लागतात. मेदूवड्याच्या पृष्ठभागावर मात्र तो सुबक बसतो. केम्प यांच्या युक्तिवादाची पहिली पायरी पृष्ठभागाच्या सपाटपणावर किती अवलंबून आहे, हे यावरून ध्यानात यावे. हीवूड यांनी मेदूवड्यावरील नकाशांना सात रंग लागू शकतात आणि सात पुरतात हे १८९० मध्येच सिद्ध केले होते, तेही विनासायास. कठीण पृष्ठभागाचे उत्तर आधी आणि साध्या कागदाचे शंभरीच्या घरात, असा हा उफराटा प्रकार आहे.

संस्थानी मुलखाचा इशारा

प्रमेयाची एक अट अनेकदा विसरली जाते. प्रत्येक प्रदेश सलग असला पाहिजे. एकाच सत्तेचे तुकडे विखुरलेले असतील आणि सर्व तुकड्यांना एकच रंग द्यायचा असेल, तर चार रंगांची हमी राहत नाही. दक्षिण महाराष्ट्रातील संस्थानांचे जुने नकाशे पाहिले तर ही अडचण डोळ्यांपुढे येते. सांगली संस्थानाचा मुलूख असाच तुटक होता. भोरच्या पंतसचिवांचे राज्यही १९४८ मध्ये विलीन होईपर्यंत घाटावरून थेट कोकणात सुधागडापर्यंत गेले होते. त्याचप्रमाणे दोन प्रदेश केवळ एका बिंदूत भेटत असतील तर ते शेजारी धरले जात नाहीत.

व्यवहारात नकाशा छापणाऱ्यांना या प्रमेयाची फारशी गरज नसते. ते खुशाल पाच-सहा रंग वापरतात. रंगवण्याचे हे गणित कामाला येते ते परीक्षांची वेळापत्रके लावताना किंवा मोबाइल मनोऱ्यांना कंपनसंख्या वाटताना. मात्र तेथील आलेख बहुधा प्रतलीय नसतात.

अजून काय उरले आहे? बरेच काही. दिलेला सपाट नकाशा तीन रंगांत बसेल की नाही, हे झटपट ठरवणारी सर्वसाधारण रीत कोणाला माहीत नाही. हा प्रश्न अवघड वर्गात मोडतो, हे १९७६ मध्येच दाखवले गेले. पुणे जिल्ह्याचा निकाल आठ तालुक्यांच्या कड्यामुळे चटकन लागला, तसे नशीब प्रत्येक नकाशाचे नसते. परस्परांना लागून असलेले तीन प्रदेश कोठेच नसतील तर तीन रंग पुरतात, हे ग्रोट्झ यांनी १९५९ मध्ये सिद्ध केले. याच धर्तीची स्टाइनबर्ग यांची १९७६ सालची अटकळ चाळीस वर्षे टिकली. तिच्या अंशतः सिद्धतांचा ढीग जमला आणि २०१६ मध्ये पाच संशोधकांनी प्रतिउदाहरण देऊन ती कोसळवली. सर्वांत मोठे आव्हान हाडविगर यांच्या १९४३ सालच्या अटकळीचे. ती चार रंगांच्या प्रमेयाला सपाट कागदाच्या पलीकडे नेते. तिचा पाच रंगांचा टप्पा रॉबर्टसन, सेमोर आणि थॉमस यांनी १९९३ मध्ये जिंकला, पण चार रंगांचे प्रमेय गृहीत धरूनच, म्हणजे पुन्हा त्या यंत्राच्या यादीवर विसंबून. त्यापुढचा सहा रंगांचा टप्पा अद्याप मोकळा आहे.